अर्थसंकल्पीय नियंत्रण, उद्योगसंस्थांतील

अर्थसंकल्पीय नियंत्रण, उद्योगसंस्थांतील : उद्योगसंस्थेची आगामी कालखंडातील विक्री, उत्पादन, खर्च, भांडवल-गुंतवणूक व रोकड यांचे अंदाज आकड्यांत मांडणे, त्यांना व्यवस्थापनाची मान्यता घेणे आणि प्रत्यक्ष कामगिरीची त्यांच्याशी वेळोवेळी तुलना करून कारभार योजनेनुसार चालविणे, या पद्धतीस अर्थसंकल्पीय नियंत्रण म्हणतात. अर्थसंकल्प तयार करणे हे नियोजनाचे अंग, तर अंदाज व वस्तुस्थिती यांतील तफावतीची कारणे शोधून उपाय योजणे हे नियंत्रणाचे अंग होय. ही दोन्ही अंगे एकाच कागदावरील एकाच आकड्यावर अवलंबून असतात. हे या पद्धतीचे सामर्थ्य आहे आणि तिच्या बहुतेक दोषांचे मूळही तेच आहे. गेल्या शंभर वर्षांतील तिचा इतिहास म्हणजे मुख्यतः या दोन अंगांची सांगड घालण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : उत्पन्न व खर्च यांचा आगाऊ अंदाज बांधण्याची कल्पना प्रथम राज्यकारभारात रुजली. पेशवेकालीन मराठी दप्तरांत महालांच्या जमा-खर्चाच्या अंदाजासाठी ‘अजमास’, ‘बेहडा’ यांसारख्या संज्ञा आढळतात. ‘बजेट’ हा इंग्रजी शब्द कातडी पिशवी या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला. अठराव्या शतकात ब्रिटिश अर्थमंत्र्याने संसदेपुढे आपल्या आर्थिक योजना मांडण्याच्या संदर्भात तो रूढ झाला. शासकीय अर्थसंकल्पामागील मुख्य प्रेरणा खर्चाला लोकप्रतिनिधींची संमती मिळविण्याची होती. मंजूर रकमेपेक्षा अधिक खर्च करावयाचा नाही, हा त्याचा पहिला नियम. उद्योगाची गरज वेगळी असते. मागणी वाढल्यास तेथे खर्चही वाढावा लागतो आणि ती घटल्यास मंजूर झालेला खर्चदेखील थांबवावा लागतो. त्यामुळे शासकीय नमुना कारखान्यात जसाच्या तसा वापरता येण्याजोगा नव्हता.

उद्योगात या विचाराची तयारी परिव्ययाच्या अभ्यासातून झाली. इंग्लंडमधील कुंभारकामाचा प्रसिद्ध कारखानदार जोसाया वेजवुड याने १७७२ च्या मंदीत आपल्या मालाच्या खर्चाची बारकाईने छाननी केली. उत्पादन कमी झाले तरी काही खर्च तसेच राहतात, हे त्याच्या ध्यानात आले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेडरिक विन्स्लो टेलर व त्याचे सहकारी यांनी अमेरिकेत प्रत्येक कामास किती वेळ व किती सामग्री लागावी याची प्रमाणे ठरविण्याचा उपक्रम हाती घेतला. जी. चार्टर हॅरिसन याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात प्रमाण परिव्ययाची पद्धत विकसित केली आणि प्रमाण व प्रत्यक्ष खर्च यांतील विचलनाचे कारणपरत्वे विभाजन करून दाखविले. खर्च किती झाला, याबरोबरच तो किती व्हावयास हवा होता, हा प्रश्न यामुळे हिशेबशास्त्रात आला.

याच सुमारास अमेरिकेत नगरपालिकांच्या कारभारात शिस्त आणण्यासाठी अर्थसंकल्पाचा पुरस्कार करणारी चळवळ उभी राहिली. १९२१ च्या कायद्याने अमेरिकी संघराज्य शासनाच्या एकत्रित अर्थसंकल्पाची व्यवस्था झाली. दुसऱ्याच वर्षी शिकागो विद्यापीठातील लेखाशास्त्राचा प्राध्यापक जेम्स ओ. मॅकिन्झी याचा बजेटरी कंट्रोल (१९२२) हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. विक्रीच्या अंदाजापासून प्रारंभ करून उत्पादन, खरेदी, मजुरी, खर्च व रोकड यांचे अंदाज एकमेकांत कसे गुंफावे, याची सविस्तर मांडणी त्यात आहे. व्यवस्थापन सल्लागारांची त्याच्या नावाने पुढे विख्यात झालेली संस्था त्याने १९२६ मध्ये स्थापन केली.

जनरल मोटर्सचा अनुभव : या पद्धतीची खरी कसोटी जनरल मोटर्स या मोटार उत्पादक कंपनीत लागली. विल्यम ड्युरांट याने अनेक स्वतंत्र कारखाने एकत्र आणून ही कंपनी उभारली होती. परंतु त्यांच्यावर मध्यवर्ती आर्थिक अंकुश जवळजवळ नव्हता. पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत प्रत्येक विभागप्रमुख आपल्या मर्जीनुसार पोलाद, टायर व सुटे भाग खरेदी करीत असे. वरिष्ठ समित्यांनी १९२० मध्ये साठ्यावर मर्यादा घातली. परंतु ती पाळली जाते किंवा नाही, हे वेळीच कळण्याची सोय नव्हती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर साठ्याची किंमत सुमारे २१ कोटी डॉलरवर गेली. मर्यादा मात्र १५ कोटींची होती. तत्पूर्वीच मागणी ओसरू लागली होती आणि सप्टेंबरमध्ये फोर्ड कंपनीने आपल्या मोटारींच्या किंमती मोठ्या प्रमाणात उतरविल्या होत्या. काही विभागांना मालाची देणी व पगार भागविण्यासाठी बँकांकडे धाव घ्यावी लागली. नोव्हेंबरअखेर ड्युरांट पायउतार झाला व पिअर द्यू पाँ अध्यक्ष झाला.

द्यू पाँ कुटुंबाच्या रसायन कंपनीने युद्धकाळातील नफ्यातून जनरल मोटर्सचे भाग मोठ्या प्रमाणावर विकत घेतले होते. या कंपनीत गुंतविलेल्या भांडवलावर किती टक्के नफा मिळतो, या एकाच कसोटीवर निरनिराळ्या विभागांचे मोजमाप करण्याची पद्धत आधीच विकसित झालेली होती. तेथील अधिकारी डोनाल्डसन ब्राऊन याने या टक्केवारीची दोन घटकांत फोड केली : विक्रीवरील नफ्याचे प्रमाण आणि भांडवलाच्या उलाढालीचा वेग. नफा घटल्यास दोष किंमतीत आहे, खर्चात आहे की अडकून पडलेल्या साठ्यात आहे, हे यावरून शोधता येऊ लागले. ब्राऊन १९२१ मध्ये जनरल मोटर्समध्ये आला. १९२३ मध्ये अध्यक्ष झालेला आल्फ्रेड स्लोन व तो या दोघांनी कंपनीचे आर्थिक नियंत्रण नव्याने रचले. विभागांची विखुरलेली रोकड मध्यवर्ती देखरेखीखाली आणण्यात आली. भांडवली खर्चाच्या मंजुरीचे नियम ठरले. प्रत्येक विभागाने चालू महिना व पुढील तीन महिने यांच्या विक्री-उत्पादनाचा अंदाज दरमहा मुख्य कचेरीस द्यावा, असे ठरले. किंमती व खर्चाचे दर ठरविताना एखाद्या वर्षाच्या तेजीमंदीने दिशाभूल होऊ नये, म्हणून कारखान्याच्या क्षमतेच्या सुमारे ८० टक्के इतके ‘प्रमाण उत्पादन’ गृहीत धरण्यात आले.

तथापि पद्धत असूनही १९२४ च्या वसंत ऋतूत पुन्हा अतिउत्पादन झाले. मुख्य कचेरीने धोक्याची सूचना देऊनही विभागप्रमुख आपले आशावादी अंदाज सोडण्यास तयार नव्हते. कारखान्यातून विक्रेत्याकडे रवाना झालेली मोटार ‘विकली गेली’ असे हिशेबात धरले जाई. ग्राहकाने ती घेतली किंवा नाही, याची नोंद नव्हती. त्या वर्षीच्या मे महिन्यात सेंट लुइस, कॅन्सस सिटी व लॉस अँजेल्स येथील विक्रेत्यांना स्लोनने भेटी दिल्या, तेव्हा त्यांच्या आवारात न विकलेल्या मोटारींच्या रांगा त्याला दिसल्या. त्याने तत्काळ उत्पादन कमी करण्याचा आदेश दिला. यानंतर विक्रेत्यांकडून दर दहा दिवसांनी प्रत्यक्ष किरकोळ विक्रीची माहिती मागविण्यास व तिला नव्या मोटारींच्या नोंदणीच्या आकड्यांची जोड देण्यास प्रारंभ झाला. वर्षारंभीचा अंदाज चुकणे अपरिहार्य आहे. तो चुकल्याचे किती लवकर कळते आणि कळल्यावर तो बदलण्याची तयारी आहे काय, यावर नियंत्रण अवलंबून असते, हा या प्रसंगाचा धडा होता.

कार्यपद्धती : उद्योगसंस्थेच्या अर्थसंकल्पाचा आरंभ सामान्यतः तिच्या वाढीस अडथळा करणाऱ्या मुख्य घटकापासून होतो. बहुधा हा घटक विक्री असतो. परंतु कच्चा माल, वीज वा यंत्रक्षमता तुटपुंजी असेल, तर तिच्यापासून प्रारंभ करावा लागतो. विक्रीच्या अंदाजावरून तयार मालाचा साठा लक्षात घेऊन उत्पादनाचा, त्यावरून कच्चा माल, मजुरी व कारखान्याच्या इतर खर्चांचा अर्थसंकल्प तयार होतो. विक्री, प्रशासन व संशोधन यांचे खर्च स्वतंत्रपणे मांडले जातात. रोकड अर्थसंकल्पात पैसे प्रत्यक्ष केव्हा येतील व केव्हा द्यावे लागतील, याचा महिनावार आराखडा असतो; नफ्यात चालणारी संस्थाही रोकडीच्या टंचाईने अडचणीत येऊ शकते, म्हणून त्याला विशेष महत्त्व आहे. यंत्रे, इमारती इ. दीर्घकालीन गुंतवणुकीसाठी भांडवली अर्थसंकल्प असतो. जोएल डीन याच्या कॅपिटल बजेटिंग (१९५१) या ग्रंथानंतर या विषयाचा स्वतंत्र अभ्यास होऊ लागला. या सर्वांच्या एकत्रीकरणातून अंदाजित नफातोटापत्रक व ताळेबंद यांचा समावेश असलेला मुख्य अर्थसंकल्प तयार होतो. प्रत्येक विभागासाठी जबाबदार अधिकारी निश्चित केलेला असतो आणि ज्या खर्चावर त्याचा ताबा आहे, तेवढ्यापुरतेच त्याला उत्तरदायी धरावे, असे तत्त्व आहे.

उत्पादन अंदाजापेक्षा कमी-अधिक झाल्यास स्थिर अर्थसंकल्पाशी केलेली तुलना फसवी ठरते. समजा, एका विभागाने महिन्यास १०,००० नगांसाठी १,००,००० रुपये खर्च अंदाजिला. त्यांपैकी ४०,००० रुपये स्थिर व उरलेले दर नगास ६ रुपये याप्रमाणे बदलते आहेत. प्रत्यक्षात ८,००० नग निघाले व खर्च ९४,००० रुपये झाला. मूळ अंदाजाशी तुलना केली, तर ६,००० रुपयांची बचत दिसते. परंतु ८,००० नगांना ४०,००० अधिक ४८,००० म्हणजे ८८,००० रुपयेच लागावयास हवे होते. म्हणजे वस्तुतः ६,००० रुपयांचा जादा खर्च झाला आहे. उत्पादनाच्या पातळीप्रमाणे खर्चाची मर्यादा बदलणाऱ्या अशा आराखड्यास लवचिक अर्थसंकल्प म्हणतात. १९२९ नंतरच्या महामंदीत ठरीव अंदाज निरुपयोगी झाल्यामुळे या प्रकाराकडे विशेष लक्ष वेधले गेले. जॉन एच. विल्यम्स याचा द फ्लेक्सिबल बजेट हा ग्रंथ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी जुलै १९३० मध्ये जिनीव्हा येथे अर्थसंकल्पीय नियंत्रणावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती आणि तीमुळे यूरोपातील उद्योजकांना या विषयाची ओळख घडली.

मानवी अंग : दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या कंपन्यांत वार्षिक अर्थसंकल्प सार्वत्रिक झाला आणि त्याचा माणसांवरील परिणाम अभ्यासाचा विषय बनला. क्रिस आर्जिरिस याने १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील कारखान्यांच्या पाहणीत असे आढळले, की पर्यवेक्षकांना अर्थसंकल्प हे दडपणाचे साधन वाटते. तफावत शोधून काढणे हे हिशेब विभागाचे यश, तर तेच पर्यवेक्षकाचे अपयश ठरते. प्रत्येक जण फक्त आपल्या विभागाचा आकडा सांभाळतो आणि कामगार दडपणाविरुद्ध एकजूट करतात. खेर्ट होफ्स्टेड याने नेदर्लंड्समधील कारखान्यांच्या अभ्यासावरून (१९६७) दाखवून दिले, की उद्दिष्ट फार सोपे असल्यास त्याचा परिणाम होत नाही व फार कठीण असल्यास माणसे ते मनातून सोडून देतात. ते ठरविण्यात संबंधितांचा सहभाग असेल व वरिष्ठ त्याकडे खेळकरपणे पाहतील, तरच ते प्रेरक ठरते.

यातून निर्माण होणाऱ्या प्रवृत्ती व्यवहारात सर्वपरिचित आहेत. अधिकारी उत्पन्नाचा अंदाज कमी व खर्चाचा जास्त दाखवून आपल्यासाठी आगाऊ सवड ठेवतात. वरिष्ठांना हे ठाऊक असल्याने ते सरसकट कपात करतात. मग पुढील वर्षी अंदाज आणखी फुगविला जातो. वर्षअखेरीस शिल्लक रक्कम परत जाऊ नये म्हणून घाईने खर्च होतो. यंत्रांची देखभाल वा प्रशिक्षण पुढे ढकलून चालू वर्षाचा आकडा गाठला जातो. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मायकेल जेन्सन याने २००१ मधील एका लेखात यावर कठोर टीका केली. अर्थसंकल्पाचे उद्दिष्ट गाठण्याशी बक्षिसी जोडली, की माहिती लपविण्यासच मोबदला दिल्यासारखे होते; म्हणून हा संबंध तोडावा, असे त्याने सुचविले.

शून्याधारित अर्थसंकल्प व अर्थसंकल्पाचा त्याग : मागील वर्षाच्या आकड्यात काही टक्क्यांची भर घालण्याच्या रूढीवर उपाय म्हणून टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत पीटर पिअर याने शून्याधारित अर्थसंकल्पाची पद्धत राबविली व १९७० मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक कार्याची आवश्यकता दरवेळी मुळापासून सिद्ध करावी लागते आणि पर्यायांची अग्रक्रमानुसार मांडणी करावी लागते. जॉर्जिया राज्याचा गव्हर्नर असताना जिमी कार्टर याने ती शासनात आणली व १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्यावर संघराज्य शासनातही तिचा अवलंब केला. १९८१ मध्ये ती तेथे सोडून देण्यात आली. महाराष्ट्रात शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना (१९८६–८८) राज्य शासनाने शून्याधारित अर्थसंकल्प स्वीकारला. मूळ उद्योगात जन्मलेली पद्धत अशा रीतीने शासनाकडे गेली. तिची मुख्य अडचण कागदोपत्री कामाच्या प्रचंड वाढीची होती. एकविसाव्या शतकात संगणकाच्या साहाय्याने काही कंपन्यांनी तिचे पुनरुज्जीवन केले. त्यांपैकी क्राफ्ट हाइन्झ या खाद्यपदार्थांच्या कंपनीने २०१९ मध्ये आपल्या मत्तेचे मूल्य सुमारे १,५४० कोटी डॉलरनी घटविल्याचे जाहीर केले, तेव्हा खर्चकपातीच्या अतिरेकाने नाममुद्रांची जोपासना मागे पडली, अशी टीका झाली.

याउलट स्वीडनमधील हांडल्सबांकन या बँकेने वार्षिक अर्थसंकल्पच रद्द केला. १९७० मध्ये तिचा प्रमुख झालेला यान वालांडर याचे मत असे होते, की परिस्थिती पूर्वीसारखीच राहिल्यास अर्थसंकल्पाची गरज नसते आणि ती बदलल्यास त्याचा उपयोग नसतो. शाखांची कामगिरी ठरीव अंदाजाशी न ताडता परस्परांशी, व संपूर्ण बँकेची इतर बँकांशी ताडून पाहण्याचा मार्ग त्याने अवलंबिला. या व इतर अनुभवांच्या आधारे जेरेमी होप व रॉबिन फ्रेझर यांनी २००३ मध्ये अर्थसंकल्पापलीकडील व्यवस्थापनाची मांडणी केली. नॉर्वेतील स्टॅटऑइल या तेलकंपनीने २००५ पासून उद्दिष्ट, अंदाज व साधनांचे वाटप या तीन गोष्टी वेगवेगळ्या आकड्यांनी दर्शविण्यास प्रारंभ केला. एकाच आकड्याकडून तिन्ही कामे घेतल्यास त्यांतील कोणतेच प्रामाणिकपणे होत नाही, ही त्यामागील भूमिका होय.

भारतातील विकास : भारतात परिव्यय लेखांकनाच्या व्यवसायास १९४४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेमुळे व १९५९ च्या कायद्यामुळे स्थैर्य लाभले. सार्वजनिक क्षेत्रातील उद्योगांत शासनाच्या भांडवलामुळे वार्षिक अर्थसंकल्प अपरिहार्य होता. खाजगी उद्योगांत मात्र या पद्धतीच्या प्रसारास बँकांचा मोठा हातभार लागला. पूर्वी बँका मुख्यतः तारण पाहून कर्ज देत. त्यामुळे साठा जितका मोठा, तितके कर्ज अधिक मिळे आणि अनावश्यक साठ्यास एक प्रकारे उत्तेजनच मिळे. रिझर्व्ह बँकेने १९७४ मध्ये प्रकाश टंडन यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. त्याने १९७५ च्या अहवालात निरनिराळ्या उद्योगांसाठी साठा व येणी यांची प्रमाणे सुचविली. कर्जदाराने आगामी काळाच्या योजना व अंदाज बँकेस सादर करावेत आणि मोठ्या कर्जदारांनी दर तिमाहीस अंदाज व प्रत्यक्ष स्थिती कळवावी, अशी शिफारसही त्याने केली. अनेक मध्यम उद्योगांनी रीतसर अर्थसंकल्प प्रथम तयार केला, तो या निमित्ताने. लघुउद्योगांसाठी नायक समितीने (१९९२) अंदाजित वार्षिक उलाढालीच्या किमान २० टक्के इतके खेळते भांडवल बँकांनी पुरवावे, असे सुचविले. टंडन समितीवर आधारित कर्जमर्यादेचे बंधन रिझर्व्ह बँकेने १९९७ मध्ये शिथिल केले व रोकड अर्थसंकल्पासह अन्य पद्धती निवडण्याची मुभा बँकांना दिली.

या व्यवस्थेने शिस्त आणली, तशीच एक विकृतीही आणली. अंदाजावर कर्ज अवलंबून असल्यामुळे हव्या असलेल्या रकमेवरून उलट हिशेब करून विक्रीचा आकडा लिहिण्याचा मोह उत्पन्न झाला. असा अर्थसंकल्प बँकेच्या दप्तरात राहतो. कारखान्यातील खरेदी वा उत्पादन यांवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. सहकारी साखर कारखान्यांसारख्या संस्थांत वार्षिक सभेपुढे अंदाजपत्रक मांडण्याची प्रथा आहे. तेथेही मंजुरीनंतर वर्षभर त्याचा आढावा घेतला जातो किंवा नाही, यावरच त्याची उपयुक्तता ठरते.

मूल्यमापन : संगणकावरील गणनतक्त्यांमुळे (पहिला लोकप्रिय तक्ता १९७९) अर्थसंकल्पाची पुनर्गणना सोपी झाली. दर महिन्यास वा तिमाहीस पुढील बारा महिन्यांचा अंदाज नव्याने करण्याची चल अर्थसंकल्पाची पद्धत त्यामुळे व्यवहार्य ठरली. तिची निकड कोव्हिड साथीच्या वेळी प्रकर्षाने जाणवली. भारतीय कंपन्यांचे हिशेबाचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि २०२० मध्ये देशव्यापी टाळेबंदी २५ मार्चला लागू झाली. परिणामी २०२०–२१ साठी मंजूर झालेले अनेक अर्थसंकल्प वर्षारंभापूर्वीच कालबाह्य झाले. अशा वेळी ज्यांचा रोकडीचा आराखडा आठवड्या-आठवड्याने सुधारला जात होता, त्यांना देणी व पगार यांचा निर्णय वेळीच घेता आला.

अर्थसंकल्पामुळे विभागांत सुसूत्रता येते, साधनांचे वाटप विचारपूर्वक होते व जबाबदारी निश्चित होते, हे त्याचे लाभ निर्विवाद आहेत. परंतु तो व्यवस्थापनाच्या निर्णयशक्तीची जागा घेऊ शकत नाही. आकडा गाठला नाही म्हणून शिक्षा होणार असेल, तर वरिष्ठांपर्यंत खरी बातमी पोहोचत नाही आणि खऱ्या बातमीवाचून नियंत्रण संभवत नाही. म्हणून तफावत हा अपराध न मानता ती चौकशीस प्रवृत्त करणारी खूण मानली जाते, अशाच संस्थेत अर्थसंकल्पीय नियंत्रण सफल होते.